राखणदाराच्या अंगावरचं दगडफूल

सुर्ला (डिचोली)
३ नोव्हेंबर १९८६

चि. सुलूस, दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. क्षेम नाही.

देवराईच्या टोकाचा आपल्या राखणदार देवाचा धोंडा तुझ्या डोळ्यांपुढे असेलच. जुन्या पोर्तुगीज कागदात देवराईची हद्द त्या धोंड्यापर्यंत, एवढेच लिहिले आहे. त्याच्या पलीकडचा उतार खाणीकडे आहे. आता खाणवाल्यांनी अर्ज केला आहे की धोंडा मुळात चाळीस पावले मागे होता आणि मी गेल्या वर्षी तो उपटून पुढे आणून रोवला. त्या चाळीस पावलांत काय आहे ते तुला सांगायला नको. झर आहे. ती जागा त्यांना मिळाली की खाणीची टाकाऊ माती तिथेच पडणार. झर बुजली की खालच्या अकरा घरांची माड-पोफळीची कुळागरे एका उन्हाळ्यात जातील आणि प्यायला टँकरची वाट पाहावी लागेल.

हद्दीचा दगड हलवला म्हणून माझ्यावर पोलिसांत तक्रारही आहे. परवा चौकीवर दोन तास बसवून ठेवले. हवालदार माझा शाळेतला सोबती. तो माझ्याकडे बघत नव्हता, जनेलातून बाहेर बघत होता. त्याचे मला जास्त लागले.

मोजणी खात्याचे साहेब २२ डिसेंबरला धोंडा पाहायला येणार आहेत. ज्यांनी लहानपणापासून तो तिथे पाहिला ती म्हातारी माणसे गेली. उरलो आम्ही, सगळे त्याच झरीचे पाणी पिणारे, म्हणून आमची साक्ष साक्ष नव्हे. तू शिकलेली. लहानपणी त्याच धोंड्याचे अंग नखाने खरवडलेस म्हणून बाबांचा मार खाल्लास, आणि पुढे तेच खरवडण्याचा तुला कॉलेजात पगार मिळू लागला. तुझ्या विद्येत यावर काही आहे का? नसले तर तसे कळव, म्हणजे आशा धरून बसणार नाही.

इकडे भाषेवरूनही वातावरण तापले आहे. मी तुला मराठीत लिहितो आणि तुझ्या वहिनीशी कोकणीत भांडतो. माझी बाजू कुठली ते मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

जावईबापूंना नमस्कार. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा दादा,
सगुण

---

कोल्हापूर
१० नोव्हेंबर १९८६

ती. दादास, सुलूचे शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवले नाही. मग वही काढली. मी रोज काहीबाही लिहून ठेवते म्हणून वहिनी हसतात, पण मे महिन्यात तुमच्याकडे आले होते तेव्हाचे पान आज देवासारखे सापडले. त्यात लिहिले आहे: राखणदाराच्या धोंड्यावर, उत्तरेच्या अंगाला, सर्वांत मोठा गोल, चौदा सेंटिमीटर.

हे गोल म्हणजे धोंड्यावर चिकटलेले करडे-हिरवे चट्टे. आपण त्यांना शेवाळ म्हणतो, पण ते शेवाळ नव्हे. मसाल्यात आपण जे दगडफूल भाजून घालतो त्याचे हे भावंड. पुस्तकात त्याला शैवाक म्हणतात. मसाल्यातले पानासारखे सुटे असते, हे दगडाला सालीसारखे बसलेले. ते फार सावकाश वाढते, वर्षाला एक मिलिमीटरही नाही. आणि दगड उपटून, लोळवून, नव्या जागी रोवला तर ते खरचटते, मातीत गेलेले कुजते, उन्हाची बाजू बदलली की मरते. तेव्हा चौदा सेंटिमीटरचा धडधाकट गोल ज्या दगडावर आहे तो दगड गेल्या वर्षी कोणी हलवलेला नाही.

हे मी साहेबांपुढे सांगेन. रजा काढून येते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळ. हे कोणालाही बोलू नकोस. खाणवाल्यांच्या कानावर गेले तर त्यांचा एक माणूस एक खरवडणी घेऊन येईल आणि अर्ध्या तासात आपला पुरावा संपेल. वहिनींनाही सांगू नकोस. त्यांच्यावर अविश्वास नाही, पण झरीवर घागरी भरताना चार बायकांत गोष्ट निघते आणि मग ती कोणाची राहत नाही.

सर्वांना यथायोग्य सांगावे. मायेचा धागा आहे तसाच असू दे.

तुझी सुलू

---

सुर्ला
२४ नोव्हेंबर १९८६

चि. सुलूस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने पंधरा दिवसांनी पोटभर जेवलो. कोणाला बोललो नाही. रोज संध्याकाळी धोंड्यापाशी जाऊन गोल मोजून येतो, वीत लावून. तुझ्या वहिनीला वाटते घोव म्हातारपणी देवभोळा झाला. परवा तिने विचारले की कुठला नवस बोललात. मी गप्प. मग तीही गप्प. आमच्या घरात एवढी शांतता लग्नापासून नव्हती.

खाणीचा मॅनेजर काल चार माणसे घेऊन देवराईत आला होता. तुझी वहिनी शेवंती तिथे होती. तो तिच्यादेखत म्हणाला की असले बुरसटलेले धोंडे जंगलात शंभर पडलेत, देव असता तर कोणी पुसला नसता का, धुतला नसता का. ती घरी येऊन रडली. मी तिला काही सांगू शकलो नाही. तोंडाशी आले होते.

साहेबांनी मला उलट विचारले तर? हे काय आहे, कसे जगते, कसे वाढते, ते मला कळेल असे लिही. दोन वेळा वाचले तर मला समजते, अजून तेवढे डोके आहे.

केरबा म्हणून तुमच्या कोल्हापूरकडचा एक ट्रकवाला आमच्या रस्त्याने खनिज नेतो. भला माणूस आहे. टपालाचा घोळ झाला तर त्याच्या हाती पत्र देईन.

तुझ्यावरच भिस्त ठेवून आहे.

दादा

---

कोल्हापूर
१ डिसेंबर १९८६

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तू विचारलेस म्हणून बरे वाटले. वर्गात मुले विचारत नाहीत.

दगडफूल हा एक जीव नाही. दोन जीव एका अंगात राहतात. एक बुरशी, दुसरे शैवाल, म्हणजे पाण्यात हिरवे दिसते त्या जातीचे अगदी बारीक कण. बुरशीला उन्हावर अन्न करता येत नाही. शैवालाला कोरड्या दगडावर तग धरता येत नाही. मग बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते, आणि शैवाल आत बसून सूर्यावर रांधते. पातळ काप करून भिंगाखाली पाहिले तर थर दिसतात. वर बुरशीच्या तंतूंचे घट्ट विणलेले छप्पर. त्याच्याखाली हिरव्या कणांची ओळ, जिथे ऊन पोचते पण भाजत नाही. त्याच्याखाली तंतूंची सैल जाळी, कापसासारखी, ओल धरणारी. मसाल्यातल्या दगडफुलाला खाली आणखी एक साल असते आणि मुळांसारखे बारीक केस. आपल्या धोंड्यावरच्याला ती खालची साल नाही. त्याचे तंतू थेट दगडात शिरतात. म्हणून ते सोलून काढता येत नाही, खरवडावेच लागते.

त्याची वाढ कडेने होते, म्हणून गोल. आणि वंश अनेक रीतींनी. एखादा वाळका तुकडा मोडून वाऱ्याने गेला आणि रुजला, ही सोपी रीत. काहींच्या अंगावर पिठासारखी भुकटी सुटते. तिच्या एकेका कणात थोडे हिरवे आणि त्याभोवती गुंडाळलेले बुरशीचे धागे असतात, म्हणजे संसार बरोबर बांधूनच निघालेले. काहींना बोटांसारखे बारीक कोंब येतात, ते मोडून पडतात. आणि बुरशीची स्वतःची अशी एक रीत आहे. इवल्याशा वाट्या येतात, त्यांतून तिचे बीज उडते. पण त्या बीजात फक्त बुरशी असते. जिथे पडेल तिथे आपले शैवाल भेटले तर जगायचे, नाहीतर संपायचे. बहुतेक संपतात.

आता माझी अडचण. किती वर्षांत किती वाढते याचा आपल्याकडचा आकडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. आजोबांनी कुंपणाच्या गडग्याच्या खांबावर १९२१ साल कोरले आहे. त्या खांबावरचा मोठ्यात मोठा गोल मे महिन्यात सहा सेंटिमीटर होता. पासष्ट वर्षांत सहा. त्या हिशेबाने चौदाला दीडशे वर्षे होतात. पण खांब उन्हात आहे, धोंडा सावलीत. तेव्हा मी दीडशे म्हणणार नाही. फार जुना म्हणेन, गेल्या वर्षीचा नव्हे हे शपथेवर म्हणेन. हे ऐकून तुझा धीर खचेल का, असे वाटून हा भाग तीनदा खोडला आणि तीनदा लिहिला.

खनिजाच्या धुळीने ही दगडफुले आधी मरतात. रस्त्याच्या बाजूचे गोल पांढुरके झाले आहेत का, पाहा.

२१ तारखेला पोचते. तोवर ओठ घट्ट.

तुझी सुलू

---

सुर्ला
१८ डिसेंबर १९८६

सौ. सुलोचना वन्संस शेवंतीचा नमस्कार.

मी पत्र लिहिते म्हणून हसू नका. चौथीपर्यंतचीच अक्षरं आहेत. तुमच्या दादाचं तोंड महिनाभर बंद आहे, तर म्हटलं आपणच लिहावं.

साहेब सोमवारी येणार. ते खाणीचं माणूस माझ्या तोंडावर बोललं की देव असता तर कोणी धुतला असता. वन्सं, तो शब्द माझ्या काळजात राहिला. आपण राखणदाराच्या पुढ्यात रोट ठेवतो, दिवा लावतो, पण अंगाला कोणी हात लावत नाही, हे खरं. सासूबाई म्हणायच्या की त्याचं अंग त्याला ठेवू द्यावं. पण परका साहेब येऊन बघणार, आणि देव असा करपलेला, चट्ट्याचट्ट्यांचा! लग्नाचं माणूस घरात आलं तर आपण मेली दाराची चौकटसुद्धा पुसतो.

म्हणून काल सकाळी न्हाऊन, देवाची क्षमा मागून, मी एकटी गेले. कोयत्याच्या पाठीनं सगळं खरवडलं. मग नारळाच्या सोडणानं राख लावून घासलं. चार घागरी झरीचं पाणी ओतलं. दुपार झाली, हात सोलले. मग खोबरेल लावलं. असा चकचकीत काळा दिसतो राखणदार की तुम्ही ओळखायच्या नाहीत! आता बोलू दे कोणी की याची सेवा होत नाही.

तुमच्या दादाला अजून सांगितलं नाही. दोन दिवस ते ताप येऊन पडलेत. बरे झाले की हात धरून नेऊन दाखवीन. बघा, महिन्याचं तोंड उघडतं की नाही.

पोदेर आलाय, पाव घेते. तुम्ही लवकर या.

शेवंती

---

सुर्ला
२३ डिसेंबर १९८६
(केरबाच्या हाती)

चि. सुलू,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

भाषेच्या आंदोलनात रस्त्यांवर झाडे आडवी पडली आहेत. टपाल बंद, बसगाड्या बंद. तू इकडे येऊ शकली नाहीस, साहेबही आले नाहीत. नवी तारीख १२ जानेवारी. माझ्या पत्राआधी वहिनीचे पत्र पोचले असेल तर तुला कळलेच आहे. नसेल, तर कळून घे. धोंडा स्वच्छ आहे. एकही गोल नाही. तेल लावून आरशासारखा केला आहे. आता तो खरोखरच गेल्या वर्षी आणून रोवल्यासारखा दिसतो.

तिने मला हात धरून नेले, डोळ्यांवर पदर धरून, गंमत म्हणून. पदर काढला तेव्हा मी काय बोललो ते लिहिणार नाही. बावीस वर्षांत बोललो नव्हतो असे बोललो. मग तुझे सगळे तिला सांगितले. तिने एवढेच विचारले की हे तुम्हां दोघांना महिनाभर ठाऊक होते का. तेव्हापासून पेज सोडून काही घेत नाही. सकाळी घागर घेऊन जाते आणि धोंड्यापाशी बसून राहते.

मला एक सुचते आहे. देवराईत दुसऱ्या दगडांवर असले गोल पुष्कळ आहेत. कोयत्याने पातळ उतरवून काजूच्या डिंकाने धोंड्यावर बसवले तर? तू जागा सांग, मी बसवतो. साहेबाला काय कळणार? तू सांगशील तेच त्याला कळणार.

नाहीतर दुसरा मार्ग मला दिसत नाही. चौकीवर जाऊन सांगतो की होय, मी हलवला. निदान साक्षीच्या नावाखाली बाकीच्या दहा घरांना तरी चौकीवर बसावे लागणार नाही.

केरबा आडवाटेने ट्रक काढतो आहे, परत येताना उत्तर घेऊन येईल. लवकर लिही.

सगुण

---

कोल्हापूर
२७ डिसेंबर १९८६

सौ. वहिनींस सुलूचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हांला आहे. दादाला तुम्ही वाचून दाखवा.

आधी दादासाठी चार ओळी. डिंकाचे नाही. तुझ्या पत्राआधीच मी वहिनींचे पत्र वाचले होते, आणि त्या संध्याकाळी डिंक मलाही सुचला होता. कुठला डिंक आणि कुठली जागा, इथवर वहीत लिहिले आहे. ते पान फाडले नाही, मला ते दिसत राहावे म्हणून ठेवले आहे. चिकटवलेला गोल आठवड्यात कडा सोडतो. आणि तो सोडत नसता तरी मी खोट्या दगडाची खरी साक्ष देणार नाही. न केलेला गुन्हाही कबूल करायचा नाही. खोटे ते खोटेच, मग ते आपल्या विरुद्ध का असेना.

आता वहिनी. हे माझ्यामुळे झाले. तुम्हांला सांगू नकोस असे मीच लिहिले होते. पाणवठ्यावर गोष्ट फुटेल असे मी लिहिले. वीस वर्षे मी मुलांना शिकवते आणि धोंड्याशी ज्यांचा रोजचा संबंध त्या तुम्हांला शिकवावे असे मला वाटले नाही. खाणवाल्यांच्या खरवडणीची भीती धरली आणि आपल्या घरातला हात विसरले. याला सावधपणा म्हणावे की गर्व, हे आठ दिवस स्वतःला विचारते आहे. उत्तर मला आवडत नाही.

जे दादाला लिहिले ते सगळे आता तुम्हांला. दादाकडचे १ तारखेचे पत्र मागून घ्या आणि वाचा. अडेल तिथे तुमच्या मसाल्याच्या डब्यातले दगडफूल पाण्यात भिजवून हातात धरा. कोरडे करडे असलेले ओले झाले की हिरवट होते. छप्पर पारदर्शक होऊन आतली रांधणारी हिरवी दिसते, ती ही.

एक लक्षात ठेवा. त्याचे तंतू दगडात शिरलेले असतात. वरचे खरवडले तरी जिथे गोल होता तिथला दगड खालून फिकट आणि जरा खरखरीत राहतो. तेल कोमट पाण्याने आणि रिठ्याने अलगद उतरवा. सोडण नको. कदाचित फिकट ठसे दिसतील. पण नुसत्या ठशांवर साहेब विश्वास ठेवील असे मला खात्रीने सांगता येत नाही.

आणखी एक कबुली. वहीत त्या दिवशीची शेवटची ओळ अशी आहे: पायथ्याशी पाचोळा, पाहिले नाही. मी डोळ्यांच्या उंचीवरचे मोजले आणि चहाला उठले. कंबर वाकवली नाही. तिथे काय होते ते मला माहीत नाही, आणि आता कळायची वाट उरली आहे की नाही तेही नाही.

जेवा, वहिनी. रागावा, पण जेवून रागावा. ११ तारखेला येते.

तुमची अपराधी,
सुलू

---

सुर्ला
३ जानेवारी १९८७
(केरबाच्या हाती)

सौ. वन्संस शेवंतीचा नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. दादाकडचंही वाचलं. ती हिरवी रांधते आणि बुरशी घर धरून बसते, म्हणजे आमच्याच घरासारखं, फक्त तिथे दोघं एकमेकांना सांगतात. राग गेला नाही. तो नंतर बोलू.

तुम्ही लिहिलं पायथा बघितला नाही. माझा हात कुठवर पोचला ते मलाच ठाऊक. कोयता जमिनीपासून चार बोटं वर राहिला होता, कारण खाली धोंडा सड्याच्या कातळाला टेकतो आणि तिथे पातं खणखणायचं. काल मी पाचोळा हातानं वेचून काढला. फुंकर मारून मारून माती उडवली. दक्षिणेच्या बाजूला, वन्सं, सड्याच्या खडकावर अर्धा गोल आहे. जिवंत. पाणी शिंपडलं तर हिरवट झाला. तो गोल धोंड्याला लागतो तिथे थांबत नाही. धोंड्यावर चढतो. चार बोटं चढलाय, आणि जिथे माझा कोयता लागला तिथे कापलाय. त्याच्या वर तेल उतरवल्यावर फिकट ठसा आहे, तो बाकीचा गोल. अर्धा खडकावर, अर्धा धोंड्यावर, एकच गोल, फुटल्या काकणाचे तुकडे जुळावे तसा.

मी शिकलेली नाही. पण दोन दगडांवर मिळून एक गोल वाढायचा तर ते दोन दगड तेवढी वर्षं एकमेकांपासून हलले नसणार, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

तुमच्या दादाला दाखवलं. ते खाली बसले आणि उठेनात. मी हात दिला.

कोणाला बोलले नाही. पण बाकीच्या दहा घरांतल्या दहा बायकांना मात्र सांगितलं. आम्ही पाळीपाळीनं तिथे बसतो. कोणी खरवडणी घेऊन आला तर त्याला आधी आमच्या अंगावरून जावं लागेल.

या.

शेवंती

---

सुर्ला
३१ मे १९८७

चि. सुलूस, दादाचे अनेक आशीर्वाद.

कालपासून आपले वेगळे राज्य झाले. डिचोलीत बँड वाजला, शाळेत पेढे वाटले. मी एक पेढा खिशात घालून मोजणीच्या कचेरीत गेलो, कारण निकालाची प्रत कालच निघाली होती.

त्यात लिहिले आहे की धोंडा व त्याखालील खडक यांवर एकच अखंड वाढ आढळली, सबब धोंडा अलीकडे हलवल्याचे दिसून येत नाही. तक्रार निकालात काढली. झर देवराईच्या हद्दीत राहिली. तू जानेवारीत साहेबांपुढे गुडघ्यांवर बसून किती वर्षे ते मला नक्की सांगता येत नाही, असे म्हणालीस तेव्हा मला वाटले, झर गेली. पण साहेब नंतर मला म्हणाले की त्याच वाक्यावर त्यांनी बाकीचे खरे धरले.

पण खोटा आनंद लिहीत नाही. खाणीचा नवा रस्ता देवराईच्या कडेने गेला. मार्चपासून तांबडी धूळ बसते. तो अर्धा गोल आता पाणी शिंपडले तरी हिरवा होत नाही. साहेबांच्या कागदावर तो जिवंत आहे, खडकावर आहे की नाही ते मला सांगवत नाही. झर मात्र वाहते. आज सकाळी घागर भरली.

तुझी वहिनी खाली दोन ओळी लिहिते आहे. मला वाचू देत नाही.

सगुण

वन्संस नमस्कार. धोंडा अजून उघडाच आहे. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्यावर काही उगवणार नाही हे तुमच्या पत्रावरून कळलं. रोज दिवा लावताना बघते, आणि सासूबाईंचं ऐकलं नाही ते आठवतं. तुमच्यावरचा राग अर्धा उरलाय, तो या मे महिन्यात तुम्ही आला नाहीत म्हणून. पुढे घरात गुपित झालं तर आधी मला सांगा. मला सांगितलंत तर मी गप्प बसते. नाही सांगितलंत तर मी कामाला लागते.

मसाला केरबाच्या हाती पाठवला आहे. दगडफूल घालताना हात अडला, पण घातलं.

शेवंती